खाली घेतलेला माणूस

“हे बरं होण्यासारखं आहे,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मला आनंद व्हायच्या आधी राग आला.

वर्ध्याजवळच्या एका मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी होती. डॉक्टर माझ्याच वयाच्या, कदाचित थोड्या लहान. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर माझ्या आजोबांच्या डोक्याचा सीटी स्कॅन उघडला होता. कवटीच्या आत उजव्या बाजूला चंद्रकोरीसारखी एक गडद पट्टी होती, आणि तिच्या दाबाने मेंदू डावीकडे सरकला होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. मेंदूची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते. तिची मधली रेघ मधोमध असते. इथे ती मधोमध नव्हती.

“डोक्याला कधी मार लागला होता का? महिना-दोन महिन्यांपूर्वी?” त्यांनी विचारलं.

बाबा आठवून म्हणाले, “बाजारात पाल बांधतानी पाइप लागला होता. जास्त नाई. हळद लावली होती.”

“याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मग साध्या मराठीत समजावून सांगितलं. उतारवयात मेंदू थोडा आकसतो. त्यामुळे मेंदू आणि त्याच्यावरचं आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. किरकोळ धक्क्यानेही एखादी फाटते. रक्त थेंबाथेंबाने साचत राहतं. लगेच काहीच कळत नाही. काही आठवड्यांनी माणूस अडखळायला लागतो, विसरतो, सतत झोपतो. “घरच्यांना वाटतं, वय झालं,” त्या म्हणाल्या.

“घरच्यांना नाही,” मी म्हटलं. “डॉक्टरांना वाटलं.”

बाबांच्या मागे नामदेवकाका उभे होते. ते बाबांचे चुलतभाऊ. ते खिशातून मोबाइल काढून त्यात बघायला लागले.

हा अनुभव मी दोन कारणांसाठी लिहिते आहे. एक, तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर आमच्यासारखी वेळ तुमच्यावर येऊ नये. दुसरं कारण इतकं चांगलं नाही. ज्यांनी माझ्या आजोबांना जिवंतपणी मोडीत काढलं त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचं गाव तळेगाव श्यामजी पंतच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण मग गावातल्या डॉक्टरांचंही नाव लिहिल्यासारखं होईल. आजोबांना आम्ही आणि सगळं गाव आबाजी म्हणायचं. त्यांचा दोरांचा धंदा होता. बैलांचे कासरे, दावी, विहिरीचे दोर, खाटेला लागणारा काथा. गावात छोटं दुकान, आणि आठवडी बाजारात कापडी पाल.

पहिलं लक्षण चप्पल होती. आबाजींच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहायची आणि त्यांना कळायचं नाही. आई मागून चप्पल उचलून आणायची. घरात त्याचं हसू झालं.

दुसरं लक्षण गाठ. आयुष्यभर दोर विकलेला माणूस, डोळे मिटून गाठी मारणारा, आणि त्यांच्या हातून गाठ बसेना. दोर नुसताच बोटांत धरून बसत. हे मला आईने फोनवर सांगितलं. मी नोकरीसाठी सिंदी मेघेला खोली घेऊन राहते. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा.

दाखवलं. ते डॉक्टर आमच्याकडे देवासारखे. माझ्या लहानपणच्या सगळ्या तापांना त्यांचीच इंजेक्शनं. ते टेबलामागच्या खुर्चीत बसले होते आणि आबाजी दाराजवळच्या बाकावर. बाबांनी चप्पल सांगितली, गाठ सांगितली. डॉक्टरांनी खुर्चीतूनच पाहिलं आणि म्हणाले, “वय झालं. या वयात असंच असतं. खाऊ-पिऊ घाला, सेवा करा.” ताकदीचं औषध दिलं.

मग आबाजी झोपायला लागले. दुपारी झोपले की संध्याकाळी उठवावं लागे. जेवताना घास तोंडात राहून जाई. अंथरूण ओलं होऊ लागलं. पुन्हा नेलं. डॉक्टर पुन्हा खुर्चीत. पुन्हा वय. तिसऱ्यांदा आबाजींना उठवता येईना म्हणून नामदेवकाका एकटेच दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, आता धावपळ करू नका, शांतपणे जाऊ द्या.

त्यांनी एकदाही उठून आबाजींच्या अंगाला हात लावला नाही. हे वाक्य मी शाळेत, बसमध्ये, भाकरी थापताना इतक्यांदा मनात म्हटलं आहे की ते आता मला पाठ झालं आहे.

त्यानंतर एका सकाळी आईचा फोन आला. “रेखा, येजो बाई. आबाजीले खाली घेतलं.”

आमच्या भागात हे दोन शब्द पुरतात. जीव जायची वेळ आली की माणसाला खाटेवरून उतरवून जमिनीवर निजवतात, तोंडात गंगाजळ आणि तुळशीचं पान देतात. ‘खाली घेतलं’ म्हटलं की नातेवाईक विचारत नाहीत काय झालं. पहिल्या बसने निघतात. मीही निघाले.

घरी पोचले तर अंगणात बांबू येऊन पडले होते. तिरडीला लागणारा काथा आबाजींच्याच दुकानातून कापून आणला होता. आतल्या खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आबाजी फरशीवर, चटईवर. नामदेवकाका दारात उभे.

“आली का? बस जवळ, पाणी घाल तोंडात,” ते म्हणाले. “दुपारच्या आत उरकलं त बरं. उद्या माही वर्धेले तारीख हाये.” त्यांचा जमिनीचा दावा चालू होता.

मी आबाजींच्या उशाशी बसले. गंगाजळाची वाटी हातात घेतली आणि पाहिलं, तर आबाजी तोंडातलं तुळशीचं पान चावत होते. हळूहळू, बैल रवंथ करतो तसं. मेलेला माणूस चावत नाही, मरणाऱ्यालाही इतकं निवांत चावणं जमणार नाही. मी वाटी खाली ठेवली. इथे सांगून ठेवते: अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, रीत असली तरी. ते श्वासनळीत जाऊ शकतं.

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “आबाजी, हात दाबा.” उजव्या हाताने माझी बोटं इतकी आवळली की कळ आली. डाव्या हातात माझी बोटं तशीच पडून राहिली. पायांना चिमटा काढून पाहिला. उजवा ओढून घेतला. डावा नाही.

“काका,” मी विचारलं, “आबाजीले काय डाव्या अंगालेच म्हातारपण आलं?”

“काय मनतं?”

“वय झालं असतं त दोन्ही अंगाचं झालं असतं न. गाडी सांगा. वर्धेले नेतो मी.”

नामदेवकाकांनी मान हलवली. “खाली घेतलेला माणूस वर नाई घेत. घराले बरं नसते ते. तू शिकली सवरली, पण रीत रीत असते.”

बाबा मधे उभे राहून कधी काकांकडे, कधी माझ्याकडे बघत होते. ते स्वभावाने गरीब. तोडगा आईने काढला. ती चुलीपासून उठून दारात आली आणि म्हणाली, “वर नोका घेऊ न मंग. खालीच न्या.”

म्हणून आबाजी वर्ध्याला गाडीच्या जमिनीवर झोपून गेले. गावातली प्रवासी जीप होती. दोन्ही बाजूंच्या बाकांच्या मध्ये गादी टाकली आणि त्यावर आबाजी. नामदेवकाका बाकावर बसले. त्यांना उद्या वर्ध्याला यायचंच होतं. आर्वीपर्यंतच्या खड्ड्यांत आबाजींचं डोकं आपटू नये म्हणून मी खाली बसून ते मांडीवर धरलं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर सबंध रस्ताभर काकांच्या चपला होत्या. त्या चपला मी विसरलेली नाही.

रुग्णालयाच्या दारात वॉर्डबॉय म्हणाला, “घ्या ट्रॉलीवर.”

“वर?” नामदेवकाकांनी विचारलं.

“मंग काय खालून घसटत नेऊ?” तो म्हणाला, आणि त्याने एका झटक्यात आबाजींना वर घेतलं.

त्यानंतर स्कॅन झाला आणि जे डॉक्टर म्हणाल्या ते मी सुरुवातीला लिहिलं आहे.

शस्त्रक्रियेचं नाव बर होल. नाव ऐकून घाबरायला होतं. कवटीला छोटी भोकं पाडतात आणि साचलेलं रक्त त्यातून बाहेर काढतात, धुऊन घेतात. मग एक नळी काही काळ आत ठेवतात, तिला ड्रेन म्हणतात. डॉक्टरांनी धोकेही सांगितले. वय जास्त आहे, रक्त पुन्हा साचू शकतं, भूल झेपेल न झेपेल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, करा.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मी बसले, तेव्हा आबाजी मेले तर माझ्याजवळ त्यांचं काय काय आहे याची मी मनात जमवाजमव करत होते.

आबाजी नेमके किती वर्षांचे, हे कोणालाच माहीत नव्हतं. ऐंशी कधीच पार झाली होती. लहानपणी ते वडिलांबरोबर अंबाडीचे दोर वळत. पुढे सायकलला दोरांची भेंडोळी बांधून आर्वी, आष्टी, कारंजा असे बाजार करत. केळझरच्या गणपतीला दर्शनाला गेले तरी खांद्यावर दोन कासरे असत, कोणी मागितले तर असावेत म्हणून. नायलॉनचे दोर आले तेव्हा त्यांनी बरीच वर्षं ते दुकानात घेतले नाहीत. “हे दोर नाई, ह्या शेवया हायत,” म्हणत. मग घेतले, पण गिऱ्हाइकाला आधी अंबाडीचाच दाखवायचा.

ते कोणाशी भांडत नसत. तरुणपणी एका व्यापाऱ्याने त्यांना कुजका माल चिकटवला होता. आबाजी त्याला काही बोलले नाहीत. पुढच्या बाजारापासून त्यांनी आपलं पाल त्याच्या दुकानाच्या बरोब्बर समोर लावलं, आणि त्याच्याकडे तोंड करून बसले. गिऱ्हाइकं विचारत, आबाजी इकडं काऊन? ते कुजक्या दोराची गोष्ट सांगत. दर बाजारी, हसत. तो व्यापारी गाव सोडून गेला तेव्हा आबाजींनी पाल परत जुन्या जागी नेलं.

बारावीनंतर माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. “पोट्टी शिकतो मनते त शिकू द्या,” एवढंच आबाजी म्हणाले आणि विषय मिटला. मी आर्वीला कॉलेजात जायची. तिथल्या बाजाराच्या दिवशी ते मला त्यांच्या पालाखाली बसवून डबा खायला लावत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “ही माही नात. बीएस्सी करून राह्यली.” बीएस्सी म्हणजे काय हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. मी जी काही आहे, ती त्या एका वाक्यामुळे आहे.

त्या माणसाला कोणीतरी खुर्चीतून न उठता संपवलं होतं. बाकावर बसून मी देवाला काय मागितलं ते खरं सांगते. आधी आबाजींचा जीव मागितला, आणि मग त्या डॉक्टरला हे भोगायला लागावं असं मागितलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टर म्हणाल्या, “गाडीतून काढलेल्या जुन्या ऑइलसारखं रक्त निघालं. बराच दाब होता.” आबाजींच्या डोक्याला पट्टी, बाजूला लोंबणारी पिशवी. त्यांना काही काळ सपाट झोपवून ठेवायचं होतं, उशी नाही. ड्रेन ओढला जाऊ नये म्हणून लक्ष ठेवायला एकाने जवळ बसायचं. मी बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. मी डाव्या हातात बोटं दिली. पकड कच्ची होती, पण होती. मला रडू आलं. आबाजींनी खोलीभर नजर फिरवली, ओठ ओले केले आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, “नामद्याची तारीख झाली का?”

तारखेचं बोलणं त्यांच्या अंगावरून झालं होतं, ते फरशीवर पडले असताना. मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “गुंगी सारखी नसते, कमी-जास्त होते. मधूनमधून ऐकू येत असणार.” म्हणून हेही लिहून ठेवते: न बोलणाऱ्या रुग्णाजवळ वाटेल ते बोलू नका. तो बरा होऊ शकतो.

आबाजींनी सगळं ऐकलं नव्हतं, पण पुरेसं ऐकलं होतं. दुपारच्या आत उरकू, हे ऐकलं होतं. काथा आबाजीच्याच दुकानातला कापजा, हेही. आणि एक गोष्ट गुंगी यायच्या आधीची होती, ती त्यांना लख्ख आठवत होती. “तो उठला नाई, रेखे,” ते म्हणाले. “मी बाकावर होतो. मले वाटलं, आता उठते, आता उठते.”

घरी आल्यावर त्यांना चालायला शिकावं लागलं. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम ते दोर घेऊन करत. डाव्या हाताने गाठ मारायची, सोडायची. उन्हाळा संपेपर्यंत ते बाजारात बसायला लागले. नामदेवकाका भेटायला आले की आबाजी त्यांना म्हणत, “बस न नामदेव. घाई हाये का?” काकांना चहा गिळवत नसे. मला ते बघायला फार आवडायचं.

गावातल्या डॉक्टरांचं काय करायचं, याचा विचार मी एकटीच करत होते असं मला वाटत होतं. मी तक्रार कुठे करायची याची चौकशी केली. ओळखीच्या वकिलांनी विचारलं, त्यांनी चुकीचं काय केलं? मी म्हटलं, काहीच केलं नाही, हेच चुकीचं. ते म्हणाले, न केलेल्याचा पुरावा आणणार कुठून. मी शाळेत मुलांना खडू फेकून मारावा अशा मनःस्थितीत महिनाभर वावरले.

मग बाबांचा फोन आला. “तुहे आबाजी दवाखान्यात जाऊन बसले.”

“काय झालं?”

“काईच नाई झालं. बसले.”

मी सुट्टीच्या दिवशी गावी गेले तेव्हा पाहिलं. गावचा बाजार आटोपला की आबाजी त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जात आणि दाराजवळच्या त्याच बाकावर बसत. डोक्यावर टोपी नाही. पट्टीच्या जागी केस नीट आले नव्हते, आणि ती जागा लोकांना दिसावी असंच त्यांना वाटत होतं.

कंपाउंडर म्हणाला, “आबाजी, नंबर लावू का?”

“माहा नंबर मांगंच लागला होता बाबू. मीच नाई गेलो.”

बाक हसला. एका बाईने विचारलं, “बरं वाटत नाई का आबाजी?”

“मले काय होते? मी खाली घेतलेला माणूस हाओ.” मग ते सगळं सांगत. चप्पल, गाठ, पान, जीप. शेवटी डोकं वाकवून भोकाची जागा दाखवत. “आत गेली का त्यायले मनजो, साहेब, जरा उठा. खुर्चीतून म्हातारा माणूस नीट दिसत नाई.”

आत डॉक्टरांना ऐकू जात होतं. दाराला नुसता अर्धा पडदा होता.

मला वाटत होतं, लोक त्या दवाखान्यात जाणं बंद करतील. तसं काही झालं नाही. लोक हसत, आबाजींच्या डोक्यावरून हात फिरवत, आणि नंबर आला की आत जात. गावात दुसरा डॉक्टर कुठे होता? मी चिडून आबाजींना म्हटलं, काय उपयोग. ते म्हणाले, “बस न तू. त्याले पाहू दे.”

एका बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. दवाखाना गच्च भरलेला. डॉक्टरांनी पडदा बाजूला करून आबाजींना आत बोलावलं. मीही गेले. पडदा उघडाच राहिला.

“आबाजी, बास झालं आता,” डॉक्टर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता. “काय पाहिजे तुम्हाला?”

“उठा,” आबाजी म्हणाले.

डॉक्टर उठले.

“आता पाहा मले.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी टेबलाला वळसा घातला. आबाजींच्या डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही हात पुढे करायला लावले, दोन्ही मुठी दाबायला लावल्या. दारापासून खिडकीपर्यंत चालवलं, परत आणलं. बाहेरचा सगळा बाक बघत होता. पाण्याची बाटली संपवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

“झालं?” आबाजींनी विचारलं.

“झालं.”

“एवढंच होतं?”

डॉक्टर म्हणाले, “त्या दिवशी गर्दी होती, आबाजी.”

“आजई हाये,” आबाजी म्हणाले आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

त्यानंतर डॉक्टर म्हाताऱ्या रुग्णांसाठी उठायला लागले. आबाजी पडद्याखालून त्यांचे बूट बघत आणि घरी येऊन सांगत, “आज उठला.” कधी, “आज एका बुढीसाठी नाई उठला,” आणि मग पुढच्या बाजारी जास्त वेळ बसत. एका म्हाताऱ्या बाईला डॉक्टरांनी स्कॅनसाठी वर्ध्याला पाठवलं, असंही कळलं. तिच्या डोक्यात काही निघालं नाही, पण पाठवलं. आई म्हणाली, आता सोडा, माणूस सुधारला. आबाजी म्हणाले, “मी बसतो म्हणून सुधारला.” आणि बसत राहिले. आम्हाला आणखी काही वर्षं आबाजी मिळाले, आणि त्यातला एकही बाजार त्यांनी चुकवला नाही.

या जागी मला आभार मानायचे आहेत. कॅज्युअल्टीतल्या त्या डॉक्टरांचे, ज्यांनी पहिला प्रश्न वयाबद्दल नाही, माराबद्दल विचारला. पिशवी बदलताना आबाजींशी बोलत राहणाऱ्या सिस्टरांचे. आणि माझ्या आईचे, जिने रीत न मोडता माणूस वाचवला. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस काही आठवड्यांत बदललं असेल, एका बाजूने ढेपाळत असेल, पूर्वी कधी पडलं किंवा आपटलं असेल, तर डॉक्टरांना तो मार आठवणीने सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. आणि डॉक्टर उठले नाहीत तर त्यांना उठायला सांगा. लाजू नका.

शेवटच्या हिवाळ्यात आबाजींना न्यूमोनिया झाला. आम्ही वर्ध्याला नेलं, तिथे उपचार झाले, पण या वेळी शरीराने साथ दिली नाही. आता घरी चला, असं ते स्वतःच म्हणाले. उशाशी मी होते. धाप लागत होती, तरी त्यांनी व्यवस्था लावली. खाली घेऊ नोका, खाटीवरच राहू द्या. दुकान बाबांनी चालवावं. मग म्हणाले, “डॉक्टर येईन.”

“नाही येणार,” मी म्हटलं. “आला तर मी दारातून परत पाठवीन.”

“नोको. येऊ दे. खांदा देऊ दे त्याले.” दम घेऊन ते म्हणाले, “जड लागलो पाह्यजे.”

ते उन्हं अंगणात असताना गेले. खाटेवरच.

डॉक्टर आले. दवाखाना बंद ठेवून आले होते. ते अंगणात एका बाजूला उभे राहिले. तिरडी उचलताना ते पुढे झाले आणि बाबांनी जागा करून दिली. आमच्याकडे बायका फाट्यापर्यंतच जातात. मी तिथे थांबले नाही, आणि त्या दिवशी मला कोणी थांबवलं नाही. मी डॉक्टरांच्या बाजूने चालले.

खांदा देणारे थोड्या थोड्या पावलांनी बदलतात. मागचा पुढे येतो, हात लावतो, पुढचा सरकतो. बाकीच्या तीन बाजू बदलत होत्या. डॉक्टरांची बाजू बदलत नव्हती. कोणी ठरवलं नव्हतं. बाजारातली माणसं होती ती, आबाजींची गोष्ट ऐकलेली. ती नुसती बाजूने चालत होती. पुलाजवळ डॉक्टरांचा पाय अडखळला. मान वाकडी झाली होती, शर्ट पाठीला चिकटला होता. नामदेवकाका माझ्या मागून पुढे आले आणि खांदा द्यायला हात वर केला.

मी त्यांचा हात धरून खाली घेतला. “राहू द्या, काका.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मागे सरले. डॉक्टरांनी ते ऐकलं. त्यांनी मान वळवली नाही, कोणाला बोलावलं नाही. खांदा थोडा सावरून घेतला आणि नाल्याकाठच्या दहनाच्या ओट्यापर्यंत ते आबाजींना घेऊन गेले.